रिलिव्हर येईपर्यंत

चिखलीच्या बसथांब्यावर सकाळी चौदा माणसं होती. त्यातली नऊ मोबाइलमध्ये होती. माझ्यापुढे कंपनीच्या गणवेशातला एक तरुण आणि त्याची बहीण उभी होती.

"वाच ना, मैत्री."

"एकशे बारा जणांनी तुझा गेम घेतला, दादा. दुसऱ्या खोलीत एकही पोचला नाही. सगळे लिहितात, दरवाजा उघडत नाही, गेम अडकतो."

"अडकत नाही. हिरो मशीनवर आहे. पुढच्या शिफ्टचा माणूस आला की दरवाजा उघडतो."

"आणि त्याआधी हललं तर?"

"पुन्हा पहिल्यापासून. रिलिव्हर आल्याशिवाय मशीन कोण सोडतं?"

"हे त्यांना कोणी सांगितलंय?"

"हे काय सांगायचं असतं?"

"सुपरवायझरसारखा बोलू नकोस. दोन वर्षं घातलीस यात. 'थांबा' एवढं तरी लिही."

"लिहिलं तर थांबण्यात काय राहिलं? तीनच मिनिटं आहेत. तू थांबून दाखव. नाही थांबलीस, तर आजच लिहितो."

"आण इकडे. बस तरी कुठे येतेय."

तिने हिरोला मशीनसमोर उभं केलं. मी घड्याळ पाहिलं.

एक मिनिट बावन्न सेकंदांनी तिने त्याला दरवाजाकडे नेलं.