सातवा प्रश्न

दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर साठीचे एक गृहस्थ आणि त्यांची बायको बसली होती. प्रौढांच्या पोहण्याच्या शर्यतीसाठी त्यांना डॉक्टरांचा दाखला हवा होता; त्यासाठीचा प्रश्नांचा कागद ते भरत होते.

“सातव्या प्रश्नाला ‘नाही’ लिहिलंत?”

“हळू बोल.”

“पोहताना कधी चक्कर आली का, असं विचारलंय. मंगळवारी काय आलं होतं मग, पाहुणे?”

“जरासं गरगरलं. दोन रांगांमधली दोरी धरली, थांबलो, संपलं.”

“मी काठावर टॉवेल घेऊन उभी होते. तुमची मान वर यायला किती वेळ लागला, ते तुम्हाला कुठं दिसलं.”

“तीन वर्षं घाम गाळलाय मी.”

“पाण्यात कुणाला दिसतो घाम.”

“निवृत्त झाल्यापासून माझं नाव फक्त औषधाच्या चिठ्ठीवर येतं. परवा शर्यतीच्या यादीत आलं, तर तूच शेजारी दाखवून आलीस.”

“आले. पुन्हाही दाखवीन. एवढंच सांगा, शर्यतीत तसं झालं तर दोरी धराल?”

“दोरी धरून ओढलं की बाद करतात.”

“ठाऊक आहे. धराल का?”

“शेवटचे दहाच मीटर उरले असतील, तर…”

“अहो, मी हो की नाही विचारतेय.”

मागून कागदाची सळसळ ऐकू आली. मग परिचारिकेनं दार उघडलं.

“पोहण्याच्या दाखल्यावाले काका, या.”

“हा कागद धर. आणि तूही आत चल.”

“मी कशाला?”

“मंगळवारचं तू सांग. माझ्या तोंडून निघायचं नाही.”