दाजींनी वाढलेला मठ्ठा

साथीचं मूळ शोधायला डॉक्टरच लागतो, असं मला कोणी सांगू नये. महायुद्धाच्या आधी तीन-चार वर्षं, नाशकात आमच्या पुतणीच्या हळदीचं जेवण झालं आणि सकाळी नऊ माणसं उलट्या-जुलाबांनी आडवी झाली. दुपारी सिन्नरचं वऱ्हाड जेवायला बसणार होतं. सगळे विहिरीला दोष देऊ लागले.

मी म्हणालो, "विहिरीचं पाणी सगळी आळी प्यायली. पंगती मी बसवल्या होत्या. पडलेले सगळे दुसऱ्या पंगतीच्या डाव्या ओळीतले. तिथं मठ्ठा कोणी वाढला?"

वाढला होता थोरल्या बहिणीच्या नवऱ्यानं, मनगटापर्यंत हात बादलीत बुडवून.

"दाजी, पोट कसं आहे?"

"दोन दिवस जरा ढिलं आहे. त्याचं काय?"

"आज वाढायचं नाही. हात साबणानं धुवा आणि खोलीत पडून राहा."

"भर मांडवात जावयाचा अपमान करतोस?"

"अपमानानं कोणाला जुलाब होत नाहीत, दाजी."

दाजी तणतणत खोलीत शिरले. बहिणीनं बाहेरून कडी घातली.

दाजींनी वर्षभर माझ्याशी अबोला धरला. वऱ्हाड मात्र धडधाकट परत गेलं.