पोरगी नीटच हाय!

आता ह्यात माझं काय चुकलं, तुमीच सांगा! आमच्या पुनमच्या शाळेतले विजयकुमार सर भर दुपारी दारात येऊन म्हणतात, "ग्यानबा, दहावीला ब्याण्णव टक्के पडले पोरीला, आता तिला नीट करू द्या!" मी म्हणलं, सर, नीट काय करू द्या? पोरगी नीटच हाय! वाकडं काय दिसलं तुमाला? तर हे आपले शांतपणानं चष्मा पुसत, "तसं हितं साखऱ्यात जमणार न्हाई, लातूरला ठेवावं लागंल." लातूरला! तुमाला सांगतो, आमच्या शालूबाईच्या हातातला चहा थेट चुलीत... "काहून? काय केलं माझ्या लेकरानं? वर मान करून बोलत न्हाई कुणाला!" सर म्हणतात, "अहो, चांगल्या चांगल्या घरची लेकरं नीट करून राहिलीत. पाटलाचा प्रमोदबी करून राहिला, दुसऱ्यांदा." मी म्हणलं, त्याला करा की! त्याला लई गरज हाय! पोरगी नीटच हाय!

आन् पुनम? ती दाराआड तोंडात ओढणी कोंबून हसून राहिलेली! शेवटी आली बाहेर. "बापू, नीट म्हंजे डॉक्टरकीची परीक्षा हो!"

...घ्या! सर हसले, मी हसलो, शालूबाईनं पुन्हा चहा टाकला. मी आपलं सहज इचारलं, व्हायचंय का मग डॉक्टर? तर पोरीचं हसूच गेलं की! "आपल्यात कोण झालंय, बापू? मी आपली हिंगोलीत नर्सिंग करते."

आता बघा, त्या प्रमोदला दहावीला जेमतेम पन्नास. पण काका डॉक्टर, म्हणून हा पाळण्यापासूनच डॉक्टर! आन् आमची ब्याण्णववाली म्हणती, आपल्यात कोण? तेवढ्यात शालूबाई! चुलीपुढून मान न वळवता म्हणती, "आपल्यात दहावी तरी कोण झाल्तं? झालीस ना? मंग भर पिशवी!"

गेली लातूरला. आता रोज सांजच्याला तिचा फोन. "बापू, नीट जेवलात का? गोळी नीट घेतली का? आईसंगं नीट बोलता का?" हां बाई, हां! तरी मी म्हणत व्हतो, पोरगी नीटच हाय... लातूरला ठेवलं तिला, आन् नीट करून राहिली ती मला!