दिवाकररावांचा चार नंबरचा नक्शा

...आणि तेही फुकट, बरं का. पैसे घेतले असते तर माणूस निदान म्हणाला असता, लुटून राहिलेत. पण नाही, सरकारी साहेब, बिल्डर लोक, विटावाले, सळईवाले, सगळे एका टेबलाशी बसले, कचोऱ्या खाल्ल्या, आणि छोट्या प्लॉटसाठी बारा घरांचे तयार नक्शे मोबाइलवर टाकून मोकळे झाले. आवडेल तो निवडा, बटण दाबा, संध्याकाळपर्यंत परवानगी. विटा ठरलेल्या भावात, ठेकेदार यादीतला. पूर्वी याच कामात लोकांच्या चपला झिजायच्या, आता घरं होऊन राहिलीत, चांगलंच आहे... पण मग आमच्या मेव्हण्यांनी, दिवाकररावांनी, भांडायचं तरी कुणाशी?

तुम्हाला सांगतो, दिवाकरराव म्हणजे छत्तीस वर्षं इंदूरच्या पलासियाला एका जिन्याखालच्या खोलीत बसून दुसऱ्यांच्या घरांचे नक्शे काढणारा माणूस. आता नक्शे शंभर जण काढतात, पण यांचं काम शिंप्याचं. माप घ्यायचं, आणि तेही प्लॉटचं नाही, घरातल्या माणसांचं. स्वयंपाक करणारी बाई डावखुरी आहे का, आजोबा जेवल्यावर कुठे लवंडतात, सुनेला वेणी घालायला उजेड कुठून मिळतो... गिऱ्हाईक वैतागून म्हणायचं, "भिया, दो कमरे निकाल दो, बात खतम." आणि भिया चष्मा पुसत विचारणार, पण तुमची आई बसते कुठे? की ते गिऱ्हाईक, हट्टाकट्टा माणूस, एकदम गप्प. कारण आई बसते कुठे हे त्यानं कधी पाहिलेलंच नसायचं.

तर असा माणूस. आणि ते बारा नक्शे आले तसा फोन वाजायचा थांबला. कुणी वाईट बोललं नाही, कुणी अपमान केला नाही, लोक रस्त्यात भेटले की नमस्कारही करतात, फक्त येत नाहीत. ड्रॉइंगच्या टेबलावर धूळ बसायला लागली, ती हे रोज सकाळी पुसतात आणि पेपर वाचतात. सांगा, यात भांडायचं कुणाशी?

एक दिवस पेपरातच बातमी आली, की या बारा नक्शांवर कुणाला काही सूचना असतील तर अमुक तारखेला सभेला या. दिवाकरराव उठले. बारा नक्शे छापून आणले, तांबडी पेन्सिल घेतली, आणि आठवडाभर एकेक चूक शोधून काढली. मला म्हणाले, तू बरोबर चल, आज सगळ्यांसमोर सांगतो की घर म्हणजे रेडिमेड पॅंट नाही. मी गेलो. म्हटलं, छत्तीस वर्षांत पहिल्यांदा माणूस चिडलाय, पाहायला तर पाहिजे.

सभेत सगळे होते, बिल्डर, विटावाले, साहेब. टेबलाच्या कोपऱ्यात शलाका नावाची एक तरुण इंजिनीअर मुलगी, तिनंच म्हणे ते नक्शे काढलेले. दिवाकरराव उभे राहिले, तांबडी पेन्सिल उगारली, आणि म्हणाले की हा चार नंबर बघा, याच्या जिन्याला वळणावर जागाच नाही. साहेब म्हणाले, माणूस चढतो ना आरामात? तर हे म्हणाले, चढतो, पण वरच्या खोलीत म्हातारं माणूस आजारी पडलं तर त्याची खाट खाली येणार कशी?

साहेबांनी नक्शा स्वतःकडे ओढला हो. प्रत्येकाच्या घरी कुणीतरी वरच्या खोलीत असतंच ना.

त्या शलाकानं वही उघडली आणि एवढंच म्हणाली, "काका, किती जागा ठेवू?"

झालं! ज्याच्यावर तुटून पडायचं, त्यानं वही उघडून किती ठेवू विचारलं तर माणसानं करायचं काय? दिवाकरराव तिच्याशेजारी खुर्ची ओढून बसले. म्हणाले, साडेतीन फूट, आणि तांबड्या पेन्सिलनं तिथे लिहिलं, येथे खाट वळली पाहिजे. मग म्हणाले, आता हा पाच नंबर बघ. मग सहा. साहेब जेवायला गेले, बिल्डर उठून गेले, आणि हे दोघं तिथेच, ती विचारतेय, हे रबरानं खोडतायत. संध्याकाळपर्यंत बाराच्या बारा नक्शे दुरुस्त. म्हणजे स्वतःचा धंदा बुडवणारी वस्तू या माणसानं स्वतःच्या हातानं नीट करून दिली, आणि घरी येताना स्कूटरवर मागे बसून खूश. मी म्हटलं, भांडायचं होतं ना? तर म्हणतात, पोरगी हुशार आहे रे.

आता खरी गोष्ट ऐका. आमच्या मंजिरीताईनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, शाळेत शिकवून, बावीस वर्षांपूर्वी बायपासकडे एक छोटा प्लॉट घेतलेला. रिकामाच. राहतायत जुनी इंदूर भागात भाड्यानं. का? कारण घर दिवाकरराव काढणार होते ना! दरवर्षी एक नक्शा काढायचे, दरवर्षी त्यात काहीतरी चुकायचं. कधी देवघराला वारा नाही, कधी ताईच्या पुस्तकांच्या कपाटावर ऊन येतं. जगाला महिन्यात नक्शा, आणि बायकोला... तिच्यासाठी कुठलाच पुरेसा चांगला होईना. प्रेमच ते, पण प्रेमात राहता येत नाही ना, राहायला भिंती लागतात. त्या बिचारीनं तरी भांडायचं कुणाशी?

ताई रिटायर झाली. आठवड्याभरात, कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मध्ये, मोबाइलवर चार नंबर निवडला आणि बटण दाबलं. संध्याकाळी परवानगी आली. दिवाकररावांनी ती वाचली, चष्मा काढून ठेवला, आणि म्हणाले, "मला विचारायचं तरी."

ताई म्हणाली, "बावीस वर्षं विचारतच होते."

दोन दिवस घरात शब्द नाही. तिसऱ्या दिवशी ताईनं तो नक्शा छापून त्यांच्यापुढे ठेवला आणि जिन्यावर बोट ठेवलं. तिथे बारीक अक्षरात छापलेलं, 'येथे खाट वळली पाहिजे.' ती मुलगी यांचे शब्द तसेच ठेवून गेली होती. नाव कुठेच नाही, नुसते शब्द. ताई म्हणाली, बाकी अकरा नक्शे मी बघितलेच नाहीत. त्या दिवशी दिवाकररावांनी टेबल पुसलं नाही, एवढं मला माहीत आहे.

मग बांधकाम. हे रोज साइटवर. आणि रोज तेच, स्वयंपाकघराची खिडकी सहा इंच डावीकडे घ्या. ठेकेदार हात जोडायचा, "दिवाकरजी, नक्शे में जो है वोही बनेगा. एक इंच हिली तर विटांच्या भावाची सवलत गेली, परवानगी गेली." आयुष्यात पहिल्यांदा या माणसाच्या हातातलं रबर कुणी काढून घेतलं. आणि म्हणूनच, तुम्हाला सांगतो, आठ महिन्यांत घर उभं राहिलं. ताई पहिल्या दिवशी नुसती सगळ्या खोल्यांमधून फिरत होती, प्रत्येक भिंतीला हात लावत.

फक्त एक झालं. तो चार नंबर अख्ख्या गल्लीनं निवडला. अकरा घरं, सगळी सारखी, रंगही जवळजवळ सारखाच. परवा दिवाकरराव भाजी घेऊन आले, चपला काढल्या, पिशवी ओट्यावर ठेवली, खुर्ची घेऊन बसले. बराच वेळ बसले. मग हळूच उठले, पिशवी घेतली आणि शेजारच्या घरात, म्हणजे आपल्या घरात आले. आधी बसले होते ते घर शेजारच्या द्वारकाबाईंचं. त्यांना ना नियम माहीत, ना सवलत, मिस्त्रीला म्हणाल्या इकडे सरकव, आणि त्यानं सरकवलं.

ताई हसून हसून दमली. विचारलं, तुम्हाला कळलं कसं, की ते आपलं घर नाही?

दिवाकरराव भाजी निवडत म्हणाले,

"खिडकी बरोबर जागी होती."