दोन सह्यांचें खातें

माझें माहेर तिरुवैयारूचें, आणि दिलें मला इथें तंजावुरांत, राजवाड्यामागच्या गल्लींत. घरांत मराठी, दाराबाहेर तमिळ, असें आमचें. तुम्ही पुण्याकडचे, माझें बोलणें ऐकून हसाल, हसा, मी थांबायची नाहीं. आमचा धंदा नाचाचे कपडे शिवण्याचा, रेशमी साडी कापून पुढें चुण्यांचा पंखा घालून नाचणाऱ्या पोरीच्या मापाचें करायचें. हे आणि धाकटे वासूभाऊजी दोघे मालक, मशीनवर मी. बावीस वर्षें मीच कापतें, मीच शिवतें, पण पाटीवर दोघां भावांचें नांव आणि बॅंकेंतही दोघांचेंच.

तें बॅंकेचें सासूबाईंनी करवलें. मामंजींचें त्यांच्या भावाबरोबरचें दुकान फुटलें होतें, एकानें न सांगतां पैसा उचलला म्हणून. म्हणून सासूबाई म्हणाल्या, दोघांची सही झाल्याशिवाय एक रुपया निघूं नये असें खातें काढा, म्हणजे माझीं लेकरें एकत्र राहतील. राहिलीं कीं. पण भाऊजी कापडासाठीं आठ आठ दिवस कांचीपुरांत, मग सहीला कोण? तेव्हां ह्यांनी काय केलें, पोरींचे आईबाप आगाऊ पैसे देत ते फोनवरून स्वतःच्या खात्यांत घ्यायला लागले. तें खातें ह्यांच्या एकट्याचें. घरचा तांदूळही त्यांतून, धंद्याचें रेशीमही त्यांतून. भाऊजींना ठाऊक होतें, मला ठाऊक होतें, कोणी बोललें नाहीं, सगळ्यांच्या सोयीचें होतें ना.

मग मार्गळीचा महिना, म्हणजे डिसेंबर-जानेवारीचा, नाचाचा हंगाम, घरभर जरीचे तुकडे, आणि सकाळीं ह्यांच्या हातांतून कॉफीचा पेला पडला. तोंड वांकडें, उजवा हात गेला, जीभ गेली. काय सांगूं तुम्हाला, ऑटोंत मांडीवर डोकें घेऊन गेलें मी, किती लांब वाटलें तें इस्पितळ. तिथें म्हणाले पैसे भरा, रोजचे रोज भरा. मी ह्यांचें कार्ड घेतलें. नंबर मला पाठ, हेच तर मला पैसे काढायला पाठवायचे. दोन दिवस काढले, तिसऱ्या दिवशीं बॅंकेचें मशीन पैसे देईना. उद्यां दहाच्या आंत भरा, नाहींतर दुसरीकडे हलवा, असें इस्पितळवाले म्हणतात, आणि डॉक्टर म्हणतो आत्तां हलवलें तर भरंवसा नाहीं.

बॅंकेंत धांवलें तर तिथें भाऊजी बसलेले. त्यांनींच बॅंकेला सांगितलें होतें, खातेदार शुद्धींत आहे कीं नाहीं ठाऊक नाहीं आणि कार्ड दुसरें कोणी चालवतें आहे म्हणून. दुसरें कोणी म्हणजे मी. मी म्हटलें, तुमचे अण्णा तिथें पडलेत आणि तुम्ही हें केलेंत? ते म्हणाले, वहिनी, त्यांत पोरींचे पैसे आहेत, सगळे इस्पितळांत गेले तर कापडवाल्याला मी काय तोंड दाखवूं? मला इतका राग आला कीं हातांतली पिशवी मारावीशी वाटली. आणि खोटें कशाला बोलूं, बोलणें त्यांचें अगदींच चूक नव्हतें, म्हणूनच जास्त राग आला.

मॅनेजर बाई माझ्याहून पुष्कळ लहान. ती म्हणाली, अम्मा, नंबर ठाऊक असला म्हणून तुम्हाला हक्क येत नाहीं, पैसा खातेदाराचा. भाऊजींना म्हणाली, सर, ह्या खात्यावर तुमचेंही नांव नाहीं, आणि कंपनीच्या खात्याला दोन सह्या लागतात. म्हणजे पैसा दोन्हींकडे आहे आणि हात कोणालाच लावतां येत नाहीं. मग तिनें विचारलें, त्यांना समजतें का, सांगितलेलें कळतें का? डॉक्टरचें तसें लेखी आणा, मी स्वतः येतें, अंगठा चालतो.

दुसऱ्या दिवशीं नवालाच आली, कागद घेऊन. डॉक्टर साक्षीला, ती साक्षीला, भाऊजीही आलेले. ह्यांना तिनें सावकाश सगळें सांगितलें आणि विचारलें, हे पैसे मी कोणाच्या हातांत देऊं तें दाखवा. ह्यांची नजर खोलीभर फिरली आणि भाऊजींवर जाऊन थांबली. पैसा म्हणजे दोघां भावांचा, इतक्या वर्षांची सवय. बाईनें पुन्हां विचारलें. मी वांकून म्हटलें, भाऊजींना द्यायचे तर त्यांना दाखवा, पण ऐका, त्यांत पोशाख किती पोरींचे आणि घरचें किती हें तुम्हाला ठाऊक नाहीं, भाऊजींनाही नाहीं, मला आहे, कापड मी कापतें. इस्पितळाला लागेल तेवढेंच काढा, पोरींच्या पैशाला मी हात लावणार नाहीं. हें मी चांगुलपणानें नाहीं म्हटलें, रागानें म्हटलें. हे रडायला लागले. डावा हात हळूहळू सरकत आला आणि माझा पदर धरला.

अंगठा झाला, बिल भरलें. भाऊजी खिडकीशीं उभे होते, म्हणाले वहिनी, किती पोरींचे आहेत? अकरा, मी म्हटलें. त्यांनी मान खालीं घातली. पोशाख सगळे वेळेवर गेले, तुमचा विश्वास बसणार नाहीं, इस्पितळाच्या बाकावर बसून मी हुक लावलेत.

आतां कंपनींत माझें नांव आहे, तिघांतल्या कोणत्याही दोघांची सही चालते. भाऊजी मला विचारल्याशिवाय कापड आणत नाहींत. हे काठी घेऊन चालतात, बोलतात थोडें थोडें. पण परवां पेपर आणायला निघाले तर दारांत उभे राहून म्हणाले, दहा रुपये घेऊं का? मी म्हटलें, अहो, तुमचेच आहेत, डबा समोर आहे, घ्या. नाहीं घेतले. मी उठून हातांत देईपर्यंत तसेच उभे राहिले. त्यांनी माझ्याकडे असें मागावें, हें मला नको होतें हो. देवानें त्यांना असेंच चालतें ठेवावें, आणखी काय मागूं.