निल्याची स्क्रिप्ट आणि माझी स्कूटर

हसू नका रे, माझं डोकं अजून फिरलंय. आमची बिल्डची, म्हणजे कोडपासून ॲप तयार करणारी, स्क्रिप्ट ऑफिसातल्या निल्यानं लिहिलेली. दिघीला फेरीबोटीची वाट बघत मी आणि निल्यानं ती चालवली. शेवटी स्क्रीनवर 'यशस्वी' आलं, ॲप क्लायंटला पाठवलं. लगेच त्याचा फोन, उघडतच नाही!

मी निल्यावर ओरडलो, "मधली कंपाइलची पायरी फेल गेलीय, तरी यशस्वी?"

"शेवटची ओळ चालली ना? मधलं कोण बघतंय!"

"प्रत्येक पायरी तपासायची, अडलं तिथंच थांबायचं!"

"व्हय, करतो."

बोट लागली. लॅपटॉप सांभाळत मी चढलो, माझी स्कूटर चालू करून चढवायला आणि शेवटी तिचं तिकीट काढायला त्याला सांगितलं. तो आला.

"झालं?"

"झालं."

बोट सुटली. वळून बघतो तर स्कूटर जेटीवरच!

"निल्या, झालं म्हणालास ना?"

"ती चालूच झाली न्हाय. पण तिकीट काढलंय ना तिचं!"