पुस्तकात लिहू नये

...अन् मंग काय, येऊन राह्यले ना लोकं खोडरबर घेऊन! वाचनालयाच्या पायरीपासून थेट पिठाच्या गिरणीपर्यंत लाइन! आमचा ग्रंथपाल शालिग्राम दारात आडवा होऊन ओरडून राह्यला, "नका खोडू हो, पाया पडतो!" पन शालिग्रामचं ऐकते कोन?

थांबा, पहिल्यापासून सांगतो तुमाले, नाई तं म्हनसान हा मधातूनच काय सुटला.

बावीस वर्षं झाली बाप्पा, हा मानूस या वाचनालयात. महाराष्ट्र झाला, सरकार बदललं, टेबलाचा पाय बदलला, शालिग्राम तोच. भिंतीवर त्यानंच गेरूनं रंगवलेली पाटी, 'पुस्तकात लिहू नये'. पन ऐकते कोन? रहस्यकथेच्या तिसऱ्याच पानावर कोनीतरी लिहेल, 'खुनी मुनीम आहे.' खाली दुसऱ्याचं, 'चूप बे!' त्याच्याही खाली, 'मुनीम नाही, जावई. शेवटचं पान माझ्यापाशी आहे.' आता बोला!

मंग एक दिवस जिल्ह्याचे साहेब आले जीपनं. बूड टेकलं नाई तं सुरू, "शालिग्राम, पुढच्या जमान्यात पुस्तकं राहणार नाहीत. फिल्म! अख्खं कपाट काड्यापेटीत मावेल. बटन दाबलं की पान भिंतीवर!"

शालिग्राम म्हने, "अन् मी कुठी मावीन, साहेब?"

साहेब हासले. "तुमचं पाहू," म्हने. "आधी नमुन्याला इथलं सगळ्यात जास्त वाचलेलं पुस्तक द्या."

आता सांगा, आपल्याच पोटावर पाय देनाऱ्याले कोनी बरोबर पुस्तक देते का? पन हा पडला इमानदार! रजिस्टर पाह्यलं, अन् एकशे चाळीस खेपा गेलेली एका सासुरवाशिणीची रडकी कादंबरी देऊन टाकली.

महिन्यानं साहेब फिल्म घेऊन हजर. भर दुपारी खिडक्याइले घोंगडे लावले, जीपच्या ब्याटरीवर यंत्र जोडलं. सारं गाव आत, शेजारच्या जानेफळचे पाव्हनेही घुसले! बटन दाबलं... अन् भिंतीवर खाटेएवढं पान! पन छापेल मजकूर पाह्यते कोन? सारे कडेचंच वाचून राह्यले! 'सासू अशीच असते. आमची पण.' खाली सही, कोकिळा. अन् तिची सासू सत्यभामाबाई पहिल्याच रांगेत! तिले वाचता येत नाई, पन वाचून दाखवनारे कमी हायेत का गावात? दुसरं पान, 'इथे मी फार रडलो.' सही, पंजाबराव. सरपंच पंजाबराव! जो चावडीवर मिशीले पीळ देऊन म्हनते, "कादंबऱ्या बायाइनं वाचाव्या, आपन निस्ता पेपर वाचतो!" गाव असं हासलं का घोंगडंच पडलं खाली.

साहेब लालबुंद! "ही घाण फिल्मवर? पुस्तकं स्वच्छ होत नाहीत तोवर फिल्म बंद!"

शालिग्रामच्या जिवात जीव आला. बावीस वर्षं ज्या लिखाणाले शिव्या घातल्या, त्यानंच नोकरी वाचवली! घरी जाऊन बायकोले म्हने, "रुख्मिणी, आज शिरा कर."

शिरा जिरला नाई तं सकाळी गाव वाचनालयाच्या दारात! जो तो म्हने, उद्या माह्यंही भिंतीवर आलं तं? ज्याच्यापाशी खोडरबर नाई, तो रबरी चपलेचा तुकडा कापून आनते! अन् सगळ्यात पुढं पंजाबराव. "हट बाजूले, शालिग्राम!"

"राहू द्या ना सरपंच, चांगलं लिहेल हाय तुमी!"

पन शालिग्रामचं ऐकते कोन? आठ दिवसांत सारी पुस्तकं कोरी करकरीत. साहेब आले, पाह्यलं, अन् याच्याच पाठीवर थाप मारली. "वा! जिल्ह्यात इतकी स्वच्छ पुस्तकं नाहीत. सोमवारी ट्रक पाठवतो. सगळीच फिल्मवर घेऊ!"

झालं! काल रुख्मिणी दुपारची भाकर घेऊन गेली तं काय पाह्यते? दार लोटेल, बरोब्बर पाटीखाली नवरा बसेल, एक पेन्सिल कानावर, एक हातात, मांडीवर भुईमुगाच्या लागवडीचं पुस्तक, अन् पानोपानी लिहून राह्यला, 'खुनी मुनीम आहे.'

"अवो, डोक्यावर पाटी काय म्हनते?"

"माहीत हाय. मीच रंगवली," म्हने, अन् पान उलटलं.

घ्या! शालिग्रामचं शालिग्रामच ऐकत नाई, तं गाव कायले ऐकते!